दशांशराव

विजयनगरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. पुण्यात तिला गच्चीवरची खोली म्हटलं असतं. दिल्लीत तिला बरसाती म्हणतात, आणि नुसत्या नावामुळे भाडं तीन हजारांनी वाढतं. दिल्ली विद्यापीठाचा उत्तर कॅम्पस चालत वीस मिनिटांवर, त्यामुळे खोली कधी रिकामी राहत नाही. मराठी मुलांनाच द्यायची, हा आमच्या हिचा नियम. "निदान भांडण तरी समजेल," असं तिचं म्हणणं.

सध्या वर दोघं आहेत. एक सांगलीचा, फिजिक्सवाला. दुसरा लातूरचा, राज्यशास्त्रवाला. या दुसऱ्याचं खरं नाव भाडेकराराच्या कागदावर आहे, पण घरात त्याला सगळे दशांशराव म्हणतात. नाव ठेवलं सांगलीकराने. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं होतं, "तुला बारावीला किती रे?" याने दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर दिलं आणि लगेच विचारलं, "तुझं किती?" सांगलीकर म्हणाला, "ऐंशीच्या आसपास." त्यावर दशांशराव इतका अस्वस्थ झाला की त्या रात्री जेवला नाही म्हणे. आसपास हा आकडा त्याच्या जगात नाहीच.

त्याचाही इलाज नाही. गाव लातूर. बोर्डाची गुणवत्ता यादी बंद होऊन किती वर्षं झाली, पण लातूर पॅटर्न म्हटलं की मराठी आईबापांचे कान अजून टवकारतात. त्या गावात पोरगं पाळण्यात रडलं तरी शेजारीण विचारत असेल, आमच्यापेक्षा किती मिनिटं जास्त. तिथून हा थेट अशा विद्यापीठात आला जिथे २०२१ च्या पहिल्याच यादीत काही कॉलेजांनी काही विषयांसाठी शंभर टक्क्यांची रेघ मारली होती. शंभर! म्हणजे ज्याला नव्व्याण्णव पडले त्याने घरी तोंड दाखवायचं कसं? पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा आली, बारावीच्या टक्क्यांवरची ही शर्यत संपली, आणि तुलनेचा एक जुना धंदा बसला. दशांशरावाला त्याचं मनापासून वाईट वाटतं. "काका, तेव्हा कसं स्वच्छ होतं," तो म्हणतो. "आता पर्सेंटाइल, नॉर्मलाइझ्ड स्कोअर... माणसाने तुलना करायची कशाची?"

पण विद्यापीठाने त्याला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. नवा अभ्यासक्रम २०२२ पासूनचा. पहिल्या सत्राला बावीस क्रेडिट. मुख्य विषयाचे तीन पेपर चार-चार क्रेडिटचे, एक जीई, म्हणजे दुसऱ्या विभागाचा ऐच्छिक पेपर, तोही चारचा, आणि मग दोन-दोन क्रेडिटची तीन पिल्लं: एईसी, एसईसी, व्हीएसी. ओ म्हणजे दहा, ए प्लस म्हणजे नऊ, असं खाली उतरत पी म्हणजे चार. सगळ्यांचा गुणाकार, बेरीज, भागिले बावीस, की एसजीपीए. आमच्या वेळी वर्षाला एक परीक्षा आणि पुढे फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा तीन डिव्हिजन; रेल्वेच्या डब्यांसारखं सुटसुटीत. मी १९८४ मध्ये हिस्ट्री ऑनर्स झालो. मला साठच्या आसपास होते. ही पुणे विद्यापीठाची, तिला एकसष्ट. महिन्यातून एकदा तरी ते एकसष्ट आमच्या जेवणाच्या टेबलावर येतात.

दशांशरावाचा फोन म्हणजे तलाठ्याचं दप्तर. त्यात एक एक्सेल शीट आहे, नाव 'सगळे'. वर्गातली सगळी मुलं, सांगलीकर, समोरच्या गल्लीतल्या पीजीतली मुलगी, मामाची पुण्यातली इंजिनिअर लेक, लातूरच्या शाळेतले सोबती. एवढ्या वेगवेगळ्या विद्यापीठांचे आकडे एका मापात यावेत म्हणून त्याने एक सूत्रही बसवलं आहे. ते त्याच्याशिवाय कुणाला कळत नाही, आणि योगायोग असा की त्या सूत्राने मामाची लेक नेहमी त्याच्या दोन शतांश खाली येते.

लोक आकडा सरळ सांगत नाहीत, हा त्याचा मोठा अनुभव. म्हणून त्याने उत्तरांचं शास्त्रच तयार केलं आहे. "ठीकठाक" म्हणजे सात ते साडेसात. "बस, हो गया यार" म्हणजे साडेआठच्या वर, नम्रतेसह. "पेपर बहुत बेकार गया था" म्हणजे नवाच्या वर, आणि अशा माणसाशी मैत्री ठेवू नये. "तू आधी सांग" म्हणजे तो आपल्यातलाच. आणि "मी अजून बघितलाच नाही" म्हणणाऱ्याने निकाल तीनदा बघून, स्क्रीनशॉट काढून आईला पाठवलेला असतो. मी हे सगळं थट्टेवारी नेत होतो. मग मेट्रोच्या यलो लाइनवर, विश्वविद्यालय स्टेशनात चढलेल्या चार पोरांचं बोलणं कानावर आलं. काश्मिरी गेट येईपर्यंत पाचही उत्तरं त्याच क्रमाने मिळाली.

विषय निवडण्याची त्याची पद्धत तर पाहण्यासारखी. कोणता विषय आवडतो, हा प्रश्न त्याला असभ्य वाटतो. तो विचारतो, स्कोअरिंग काय आहे? जीईसाठी त्याने संस्कृत घेतलं, कारण चौदा सीनियर्सपैकी अकरांना तिथे ओ होता. सीनियर्सच्या नावापुढे त्यांचं कॉलेज, हजेरी आणि 'विश्वासार्हता' असाही रकाना होता. पाठ्यपुस्तकाच्या वाटेला तो गेला नाही. पटेल चेस्टच्या गल्लीतून मागच्या परीक्षांचे पेपर तेवढे झेरॉक्स करून आणले. या विद्यापीठात झेरॉक्सलाही इतिहास आहे बरं का. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या एका झेरॉक्सवाल्यावर २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी खटला भरला होता आणि २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. शिकण्यासाठी पुस्तकातली पानं झेरॉक्स करायला मोकळीक राहिली. हे मी दशांशरावाला मोठ्या उमाळ्याने सांगितलं. तो म्हणाला, "पानाला किती पडत होते तेव्हा?"

त्याला संस्कृतात ओ मिळाला तेव्हा मी म्हटलं, एखादं सुभाषित म्हण पाहू. तो बिचकला नाही. "काका, ते युनिट दोनला होतं. मी एक आणि तीन केलं होतं."

खरी मौज व्हीएसीची. व्हीएसी म्हणजे मूल्यवर्धक पेपर. यादीत योग आहे, आयुर्वेद आहे, वैदिक गणित आहे, स्वच्छ भारत आहे, फिट इंडिया आहे, आणि 'द आर्ट ऑफ बीइंग हॅपी', म्हणजे आनंदी राहण्याची कला, असाही एक पेपर आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं सांगलीकर फिरकी घेतोय. नाही, खरोखर आहे, दोन क्रेडिटचा. कॉलेजने जेवढे वर्ग काढले असतील त्यातून निवडायचं, आणि फॉर्म उघडला की जागा भराभर भरतात. फॉर्म उघडायच्या दिवशी दशांशराव पहाटे पाचला उठून, आंघोळ करून, देवापुढे उदबत्ती लावून फोन घेऊन बसला आणि आनंद मिळवलाच. सांगलीकर साडेदहाला उठला. त्याच्या वाट्याला स्वच्छ भारत आला. बरसातीतला त्याचा कोपरा पाहिलेल्यांना यात नियतीचा हात दिसला. पीजीतली मुलगी नागपूरची. तिने फिट इंडिया घेतलं, कारण तिला रोज सकाळी रिजवर पळायला आवडतं. आवडतं म्हणून विषय घेतला, हे कारण दशांशरावाने तिला तीनदा पुन्हा सांगायला लावलं.

निकाल लागला ती रात्र. थंडी अजून ओसरली नव्हती. गच्चीवर तिघं रजया पांघरून बसलेले, मधे शेंगदाण्याची पुडी. दहाच्या सुमाराला वरून आरोळी आली, "लागला!" मी आणि ही स्वेटर चढवून वर गेलो. म्हातारपणी दुसऱ्याच्या निकालासारखी करमणूक नाही.

सांगलीकराने आधी उघडला. ७.४५. "निघालो की लेका!" म्हणून त्याने शेंगदाण्यांचा बकाणा भरला. स्वच्छतेत त्याला ए. नागपूरकरणीचे ९.१८, फिट इंडियात ओ. ती काही बोलायच्या आत दशांशरावाने आकडा शीटमध्ये चढवलासुद्धा. मग त्याने पाठ फिरवली, भिंतीकडे तोंड केलं आणि स्वतःचा उघडला.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. खालून मोमोवाल्याची हाक तेवढी येत होती.

"किती?" नागपूरकरणीने विचारलं.

"ठीकठाक," तो म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्याच्याच शास्त्राप्रमाणे सात ते साडेसात! सांगलीकर सहानुभूतीने शेंगदाणे घेऊन सरकला. फोन हातातून घेतला तेव्हा कळलं: ८.९१. संस्कृतला ओ, पर्यावरणाला ओ, मुख्य विषयात दोन ए प्लस आणि एक ए. आणि सगळ्यांच्या खाली, आनंदी राहण्याची कला: बी.

"अरे, आठ ब्याण्णव कमी आहेत का?" ही म्हणाली.

"आठ एक्क्याण्णव, काकू," तो म्हणाला. "बी च्या ऐवजी बी प्लस असता तर बरोबर नऊ झाले असते. ओ असता तर नऊ सत्तावीस." थोडं थांबून म्हणाला, "आनंदाने माझे छत्तीस शतांश खाल्ले."

"पण तू शिकलास काय त्या पेपरात?" मी विचारलं.

"तुलना करू नये, असं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच तासाला. मी मागच्या वर्षीचे पेपर पाहिले होते, त्यात तो प्रश्न नव्हता, म्हणून सोडला."

नागपूरकरीण इतकी हसली की रजई घरंगळली. "काहून टेन्शन घेतोस बे? मी पळते सकाळी, चल तू पण." त्याने विचारलं, "किती किलोमीटर?"

मग लातूरहून फोन आला. स्पीकरवर टाकलेला, कारण अशा वेळी साक्षीदार लागतात. आई म्हणाली, "किती पडले रे?" हा म्हणाला, आठ पूर्णांक एक्क्याण्णव. पलीकडे शांतता. "कशापैकी?" "दहापैकी." "मग बाकीचे कुठं गेले?" तेवढ्यात वडिलांनी फोन घेतला आणि मागे कुणाला तरी सांगितलं, "एकोणनव्वद टक्के!" हा ओरडला, "बाबा, दहाने नाही, साडेनऊने गुणायचं असतं, चौऱ्याऐंशी पॉइंट चौसष्ट!" वडील म्हणाले, "ते तिकडं दिल्लीत. इकडं आपण दहानंच गुणतो." आणि फोन ठेवला. माझ्या मते त्या घरातला व्यवहारी माणूस तोच. मुलगा यूपीएससीला बसणार असं त्यांनी ठरवलेलं आहे. त्याच्या क्लासेसचं मुखर्जी नगर इथून जवळ पडतं, हा बरसाती घेण्यामागचा त्यांचा लांबचा डाव.

तुलनेची ही खोड अभ्यासापुरती असती तर सोसता आली असती. संक्रांतीला हिने गुळाच्या पोळ्या केल्या. दोघांना खाली जेवायला बोलावलं. सांगलीकराने सहा खाल्ल्या आणि सातव्यावर चमचाभर तूप मागितलं. दशांशरावाने दोन खाल्ल्या, डोळे मिटले आणि म्हणाला, "नऊ, काकू." ही खूश. "दिवाळीतल्या करंजीला साडेनऊ होते," तो पुढे म्हणाला. हिच्या हातातलं उलथनं थांबलं. "अर्धा कुठे गेला?" "तीळ जरा जास्त भाजलेत." दोन दिवस ही त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तीळ कमी भाजून चार पोळ्या वर पाठवल्या, आणि निरोपात 'आता किती' असं विचारल्याचं मला सांगलीकराकडून कळलं.

परवा रविवारी तो खाली आला. दुसऱ्या सत्राचे विषय निवडायचे होते आणि आता त्याला, म्हणे, आवडीचा विषय घ्यायचा होता. माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी. "मग कोणता आवडतो तुला?" त्याने फोन काढला. नव्या शीटमध्ये अकरा विषय होते आणि प्रत्येकापुढे आवड, शंभरपैकी, दोन दशांश स्थळांपर्यंत. इतिहास सर्वांत वर होता. मी सुखावलो. माझा विषय! मी त्याला दोन तास इतिहासाबद्दल बोललो: आमचे प्राध्यापक, वार्षिक परीक्षेच्या आधीच्या त्या रात्री, पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेतून या विद्यापीठात आल्यावर पहिलं वर्ष इंग्रजीशी कशी झटापट केली ते. त्याने सगळं नीट ऐकलं. मधेमधे मानही हलवली.

मग हळूच 'सगळे' उघडलं, खाली एक नवीन ओळ घेतली आणि लिहिलं: काका, हिस्ट्री ऑनर्स, १९८४.

"तुमचं किती, काका?"

"अरे, चाळीस वर्षं झाली त्याला. साठच्या आसपास."

स्वयंपाकघरात हिची भाकरी थापायची थापथप चालू होती. दशांशरावाचं बोट रकान्यावर थांबलं. त्याने अत्यंत नम्रपणे, माझ्याकडे न बघता विचारलं,

"आसपास म्हणजे वर की खाली?"

आतली थापथप थांबली.