हयात असल्यास कळवावे

नोव्हेंबर हा जळगाव-धुळ्याकडे भरिताच्या वांग्यांचा आणि हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनर जिवंत आहे ना, हे शासन दरवर्षी न चुकता विचारते. एवढी विचारपूस पोटची पोरंही करत नाहीत.

धुळ्याकडचे एक निवृत्त गुरुजी मुलाकडे न्यू जर्सीला असतात. दाखला पोचला नाही, पेन्शन थांबली. गुरुजींनी फोन लावून ठणकावले, "मी जित्ता शे ना, भो!" पलीकडून शांत उत्तर आले : तोंडी चालत नाही. योग्यच आहे. उद्या कोणीही उठून जिवंत असल्याचा दावा करील.

२०१४ पासून 'जीवन प्रमाण' हा डिजिटल दाखलाही आहे. अंगठा टेकवला की माणूस जिवंत. गुरुजींचे ठसे आयुष्यभराच्या खडूने पुसले गेलेले. २०२१ पासून चेहराही चालतो, फक्त पापणी लवावी लागते. गुरुजी जुन्या सवयीने मोबाइलकडे डोळे वटारून पाहत राहिले. यंत्राने त्यांना मृत ठरवले, यात यंत्राची काय चूक?

आमची नम्र सूचना अशी की, ही पद्धत रोजची करावी. सकाळी आधी दाखला, मग चहा. मृतांनीही मृत्यूचा दाखला समक्ष हजर राहूनच न्यावा, म्हणजे पक्षपात नको.

अखेर वकिलातीच्या शिक्क्याचा कागद आला. पुतण्या तो घेऊन कार्यालयात गेला. साहेबांच्या खुर्चीवर आठवडाभर फक्त टॉवेल होता. साहेबांच्या हयातीबद्दल कोणालाच शंका नाही. पगार एक तारखेला जमा झाला.