निखाऱ्याची बदली

बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत एक यंत्र हुक्का ओढतं. ओढतं म्हणजे अगदी नेमानं: 2.6 सेकंदांचा झुरका, 17 सेकंद विसावा, पुन्हा झुरका, असे 171. तास भरायला चार मिनिटं उरली की बैठक खलास. ना गप्पा, ना राजकारण, ना गैरहजर मित्राची निंदा. मग ओढायचं तरी कशाला, असं कुणाही शौकिनाला वाटेल. पण हे आकडे शौकिनांचेच आहेत. ॲलन शिहादेह आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कॅफेत बसणाऱ्यांचे झुरके मोजून ते काढले. दर झुरक्याला अर्ध्या लिटरहून थोडा जास्त धूर, म्हणजे एका बैठकीत नव्वद लिटर! सिगारेट ओढणाऱ्या यंत्राला जुन्या नियमानं झुरक्यामागे मिळत 35 मिलिलिटर. बिचारं उपाशीच म्हणायचं.

हुक्क्यातली काकवी-ग्लिसरीन घातलेली तंबाखू नीट जळत नाही, ती वरच्या निखाऱ्यानं भाजली जाते. तेव्हा नळीतून येणारा धूर तंबाखूचा किती आणि कोळशाचा किती? 2008 साली बैरूतच्या संशोधकांनी निखारा उचलून त्याजागी विजेची उष्णता दिली. कार्बन मोनॉक्साइडपैकी सुमारे 90 टक्के कोळशाचा निघाला. कर्करोगकारक बेंझोपायरीनचंही बरंचसं पाप त्याच्याच माथी आलं. इतकी वर्षं लोक तंबाखूवर संशय घेत होते, पाण्यावर भरवसा ठेवत होते, आणि निखारा वर बसून लालबुंद हसत होता.

मग विजेवरचे हुक्के बाजारात आले. 2019 मध्ये त्यांचीही झडती झाली. मोनॉक्साइड खूपच घटला, पण ॲक्रोलीन वाढलं! कढईतलं तेल जास्त तापलं की नाकाडोळ्यांत चढतो तो झणका याचाच. हुक्क्यात तो मुख्यतः तापलेल्या ग्लिसरीनमधून येतो. थोडक्यात, एकाची बदली झाली आणि खुर्ची रिकामी राहिली नाही. बदल्यांचं हे शास्त्र आपल्या सरकारी कचेऱ्यांनी प्रयोगशाळेशिवायच सिद्ध केलं आहे.

कॅफेत चिमट्यानं निखारे बदलत फिरणाऱ्या पोऱ्याची नोकरी मात्र मला तूर्त सुरक्षित वाटते. विजेच्या हुक्क्याला आधी वीज लागते, आणि लेबनॉनमध्ये ती दिवसातून किती तास असते हे ठाऊक असलेला कॅफेवाला कोळशाचं पोतं फेकून देणार नाही.