सांदवाडीतला वसंत

पंचांगाप्रमाणे वसंत चैत्र-वैशाखात येतो. भंडारा जिल्ह्यात तो माघातच येतो, साकोली-लाखनीकडच्या रानात पळस फुलवतो आणि शिमग्याच्या गोंधळात निघूनही जातो. पंचांगातला वसंत सुरू होतो तेव्हा पारा चाळिशीच्या उंबरठ्यावर असतो आणि मे महिन्यातल्या पंचेचाळिशीची तयारी करत असतो. त्यामुळे इथल्या सांदवाडीतली, म्हणजे परसबागेतली, वसंताची कामे म्हणजे मुळात उन्हाळ्याचा बंदोबस्तच.

पहिले काम उपटण्याचे. थंडीतली मेथी, पालक, सांभार एव्हाना फुलोऱ्यावर आलेले असतात. बियाण्यापुरती चार झाडे राखून बाकीची काढावीत आणि त्या जागी गवार, भेंडी, चवळी टोकावी. ही मंडळी उन्हाला भीत नाहीत. गुलाबाला मात्र हात लावू नये. वसंतात गुलाब छाटावा, असे परदेशी पुस्तके सांगतात, पण ती बर्फ वितळणाऱ्या गावांसाठी लिहिलेली असतात. इथली छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात होते. मार्चमध्ये कात्री चालवली तर कोवळी फूट एप्रिलात पापडासारखी मोडते. हात फारच शिवशिवत असतील तर जास्वंद छाटावी, ती सोशिक आहे.

आंब्याला मोहोर असताना पाणी तोडावे, कैरी वाटाण्याएवढी झाली की सुरू करावे. मोहोरावर तुडतुडे येतात आणि कैरीवर शेजारची मुले. तुडतुड्यांवर निंबोळी अर्क चालतो.

मग मातीकडे वळावे. कन्हार जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून बुंध्याभोवती तणसाचा चांगला चार बोटे जाड थर द्यावा. धानाच्या या जिल्ह्यात तणसाला तोटा नाही. अडचण एवढीच, की झाडाचे पांघरूण हे गाईचे जेवण असते. आधी फाटकाची कडी तपासावी. मामा (माजी मालगुजारी) तलाव आटले की त्यातला गाळ निघतो. तो वाफ्यांना उत्तम, पण नुसता कुंडीत भरला तर वैशाखापर्यंत त्याची वीट होते. शेणखत आणि रेती मिसळूनच वापरावा.

खरे भांडण पाण्याचे. वर्षाकाठी 1300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. उन्हाळ्यातल्या बादलीवर पहिला हक्क कूलरचा असतो, कारण तो कोरडा पडला की घरभर आरडाओरड होते. कुंडी बिचारी निमूट वाळते. कूलरच्या तळाशी उरलेले पाणी कुंडीत ओतून पुण्य मिळवू नये. त्यात क्षार साचलेले असतात. ते एखाद्या मोठ्या झाडाला घालावे. कुंड्यांना ताजे पाणी द्यावे, तेही सूर्य वर येण्याआधी किंवा मावळल्यावर.

राहता राहिली माकडे. कोका-नागझिऱ्याच्या बाजूच्या गावांत त्यांची पाहणी सरकारी पाहणीपेक्षा नियमित असते आणि कोवळे शेंडे त्यांना आपल्यासाठीच राखलेले वाटतात. बुजगावण्याला ती दोन दिवस मान देतात, तिसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर बसतात. जाळीला मात्र थोडी बिचकतात.

ही सारी कामे होळी ते गुढीपाडवा या पंधरवड्यात उरकावीत. पाडव्यानंतर नवे रोप लावू नये. लावण्याची हौस उरलीच असेल, तर हिरवी जाळी लावावी.