एफ कॉर्डच्या अलीकडे

गिटार का शिकायची असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: 'संगीताची आवड.' ही आवड नेमकी कॉलेजचं गॅदरिंग जवळ आलं की का उफाळून येते, हे मात्र विचारायचं नसतं. आवड सतारीचीही असू शकते. पण सतार पाठीला अडकवून कट्ट्यावर जाता येत नाही. आणि पेटी वाजवणाऱ्याकडे कौतुकाने बघतात ते भजनी मंडळातले आजोबा. त्यांच्यासाठी कोण घाम गाळणार?

दुखणं तसं जुनं आहे. १९७३ साली 'यादों की बारात'मध्ये झीनत अमानच्या हातात गिटार दिसली आणि पिढ्या घायाळ झाल्या. 'चुरा लिया है तुमने'मधली ती गिटार प्रत्यक्षात वाजवली भूपिंदर सिंग यांनी. ते पडद्यावर नाहीत. आपल्याला अर्थातच पडद्यावरचं व्हायचं असतं.

सुरुवातीला जी, सी, डी, ई मायनर या कॉर्डवर बरीच गाणी निघतात. मग येते एफ. तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या. बोटं हुळहुळतात, आवाज भद्द येतो आणि बघायला समोर कुणीच नसतं. बहुतेकांची संगीतसाधना इथेच पूर्ण होते.

म्हणून नवी गिटार घेऊ नका. जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघा, 'जवळजवळ नवी' असं लिहिलेल्या भरपूर सापडतील. तारा तेवढ्या बदलून घ्या, गंजलेल्या असतात.