मधोमध नको!

हे गृहस्थ तुमच्या ओळखीचे नाहीत असं होणारच नाही. सहलीच्या बसमधली पुढून दुसऱ्या रांगेतली खिडकी त्यांनी सगळ्यांच्या आधी येऊन, रुमाल टाकून धरलेली असते. शेजारच्या सीटवर बायको नसते, कॅमेऱ्याची बॅग असते. बायको मागे, दुसऱ्या कुणाच्या तरी बायकोशेजारी बसलेली असते, आणि तिथे ती सुखात असते. अंगात खिसेच खिसे असलेलं खाकी जाकीट. एका खिशात बॅटरी, दुसऱ्यात जादा बॅटरी, तिसऱ्यात लेन्स पुसायचं फडकं, चौथ्यात ते फडकं हरवलं तर असावं म्हणून चष्म्याचं फडकं. बाकीच्या खिशांत काय आहे ते त्यांनाही ठाऊक नसतं. एकदा पार्किंगच्या पावतीसाठी शोधाशोध चालली होती, तर आतून गणपतीपुळ्याची खडीसाखर निघाली. मुंग्यांसकट.

आमच्या सोसायटीत यांना तोंडावर नुसतं काका म्हणतात. पाठीमागे एकतृतीयांश काका.

काका बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी फोटोग्राफीची दोन दिवसांची कार्यशाळा केली. पहिल्या दिवशी सकाळी त्यांना एक नियम शिकवला, आणि माझी खात्री आहे की दुपारच्या जेवणानंतर ते वर्गात बसूनही तिथे नव्हते, कारण त्या नियमापुढचं त्यांना काहीच येत नाही. चौकटीचे उभे तीन आणि आडवे तीन सारखे भाग पाडायचे. दोन उभ्या रेघा, दोन आडव्या, त्या एकमेकींना छेदतात ते चार बिंदू. जे दाखवायचं ते यांतल्या एखाद्या बिंदूवर किंवा रेघेवर ठेवायचं. मधोमध नाही. माणूस उजवीकडे बघत असेल तर त्याला डावीकडे उभं करायचं, म्हणजे त्याच्या नजरेला पुढे मोकळी जागा मिळते. क्षितिज चौकटीच्या कमरेवर आणायचं नाही. आभाळ चांगलं असेल तर खाली ढकलायचं, जमीन चांगली असेल तर वर. नियम जुना आहे आणि चांगलाही आहे. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने निसर्गचित्रांबद्दल लिहिताना तो १७९७ साली पुस्तकात मांडला, कॅमेरा जन्माला यायच्याही आधी. हे साल मला पाठ आहे. सोसायटीतल्या सगळ्यांना आहे. आमच्या वॉचमनलाही आहे.

तेव्हापासून काकांच्या तोंडी दोनच शब्द: "मधोमध नको!"

गेटवे ऑफ इंडियासमोर पाहुण्यांना उभं केलं, मधोमध नको. पाहुणे डावीकडे, गेटवे त्यांच्याही डावीकडे अर्धा कापलेला, आणि उरलेल्या दोन तृतीयांशात कबुतरं आणि एक फुगेवाला. पाहुणे नागपूरचे होते. त्यांनी फोटो बघून विचारलं, "हा फुगेवाला तुमच्या नात्यातला का?" तळमजल्यावर सत्यनारायण होता. चौरंग मधोमध, केळीचे खांब दोन्ही बाजूंना, यजमान-यजमानीण हात जोडून तयार. काका स्टुलावर चढले, बघितलं आणि उतरले. मधोमध नको! चौरंग काही हलवता येईना, तेव्हा स्वतःच सरकले. त्या फोटोत आजही डाव्या कडेला सत्यनारायण आहे आणि बाकी सगळा फ्रिज आहे, वर ठेवलेल्या केळ्यांच्या फण्यासकट. नातवाच्या बारशाला पाळणा कडेला, नातीच्या नाचाला नात कडेला. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाला स्टेजच्या टोकापर्यंत सरकवत नेलं. पलीकडे कुंडी होती म्हणून तो पडला नाही.

पण कंपोझिशन हे काकांचं अर्धंच प्रकरण. उरलेलं अर्धं फोकसचं.

आपल्यापैकी बहुतेकांचा फोटो आउट जातो तो हात हलल्यामुळे, असा आपला समज असतो. कित्येकदा खरी गंमत वेगळी असते. जुन्या पद्धतीने लावलेला कॅमेरा चौकटीच्या मधोमध जे दिसेल त्यावर फोकस धरतो. नवरा-बायको शेजारी शेजारी उभे राहतात, मध्ये थोडी फट, आणि कॅमेरा नेमका त्या फटीतून मागच्या डोंगरावर फोकस करतो. डोंगरावरचं झुडूप न् झुडूप मोजून घ्या, नवरा-बायको मात्र धुरकट. काकांनी माणसं कडेला ठेवायचा नियम घेतला, पण फोकस मधोमधच ठेवला. परिणामी पहिल्या काही सहलींत काकू सगळीकडे आउट आहेत. हरिहरेश्वरच्या समुद्राची लाट न् लाट स्पष्ट, काकू धुक्यात. पन्हाळ्याच्या तटाचा दगड न् दगड स्पष्ट, काकू पुन्हा धुक्यात. काकू म्हणायच्या, "मला मोतीबिंदू झालाय असं वाटायचं. मग कळलं, यांच्या कॅमेऱ्याला झालाय."

पुढे कुणीतरी त्यांना हाफ प्रेस शिकवलं. शटरचं बटण अर्धंच दाबायचं, चेहऱ्यावर टिक्-टिक् वाजलं की बोट तसंच धरून कॅमेरा हवा तिकडे वळवायचा, मग पूर्ण दाबायचं. फोकस चेहऱ्यावरच राहतो. काकांना जणू मोक्षच मिळाला. आम्हाला मात्र शिक्षा. कारण टिक्-टिक् आणि खाट् यांच्यामध्ये काका कॅमेरा वळवतात, थांबतात, चौकट न्याहाळतात, आणि आपण हलायचं नाही. आपण पुढेमागे झालो की फोकस गेला. हा काळ घड्याळात फार नसेल, पण हसणं टिकवण्याच्या मानाने तो भयंकर लांब असतो. आमच्या सोसायटीच्या सहलीच्या फोटोंत सगळ्यांचं हसू असं ताणलेलं का, हे बाहेरच्यांना कळत नाही.

फोटो काढताना त्यांच्याकडे नीट बघा. चष्मा आधी कपाळावर जातो. डावा डोळा मिटतो, त्याच्याबरोबर तोंडाचा डावा कोपराही वर जातो. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटतात, श्वास थांबतो. आणि त्याच क्षणी कपाळावरचा चष्मा घरंगळत येऊन कॅमेऱ्यावर टक्कन आपटतो. दरवेळी. ते चष्मा पुन्हा वर करतात, पुन्हा टिक्-टिक्. चष्म्याला दोरी लावा म्हटलं तर म्हणतात, "दोरी फ्रेममध्ये येते."

महाबळेश्वरला पावसाळ्यात आर्थर सीटवर उभे होतो. समोर दरी असावी. काही दिसत नव्हतं. धुक्यात फोकस धरायला कॅमेऱ्याला कुठली कडच सापडत नाही, उजेड-अंधाराचा फरकच नसतो. लेन्स नुसती आत-बाहेर घुर्रघुर्र करत राहते. काका त्या पांढऱ्या आभाळासमोर उभे राहून लेन्स फिरवत होते आणि आम्ही भिजत होतो. शेवटी त्यांना एक कणीसवाला सापडला. त्याच्या निखाऱ्यांवर फोकस एकदम धरला. कणीसवाला डावीकडे, उजवीकडे नुसतं धुकं. खरं सांगायचं तर फोटो फार चांगला आला होता. पण कुणी तसं म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर अजून एक तास थांबावं लागलं असतं.

आग्र्याला मात्र त्यांची गाठ खऱ्या शत्रूशी पडली. ताजमहाल ही इमारतच अशी की तिला मधोमध उभं राहूनच बघावं. मध्ये पाण्याचा पाट, त्यात प्रतिबिंब, डावीकडे मशीद, उजवीकडे तशीच दुसरी इमारत, केवळ तोल साधावा म्हणून बांधलेली. १९९२ साली राजकुमारी डायना तिथल्या संगमरवरी बाकावर एकटी बसली होती, तिचा फोटो जगभर गेला, तोही मधोमधचाच. काकांचं त्यावरही मत होतंच: "बसवली मधोमध, म्हणून एकटी वाटली. कडेला बसवली असती तर कुणाची तरी वाट बघतेय असं वाटलं असतं." हे वाक्य बरं आहे. मी तिथे कबूल केलं नाही.

ट्रायपॉड दारावरच ठेवून घेतला होता, त्यामुळे काका आधीच चिडलेले. आत त्यांनी ताजमहाल उजव्या तृतीयांशात ढकलला. उरलेल्या जागेत एक झाड आणि अनोळखी लोकांच्या सेल्फी स्टिक. तिथला एक फोटोवाला हे बराच वेळ बघत होता. त्याच्या पोटापाण्याचाच प्रश्न असल्यासारखा तो पुढे आला आणि कळवळून म्हणाला, "बाबूजी, बीच में आइए ना. सब बीच से ही लेते हैं." काकांनी त्याला त्यांच्या हिंदीत १७९७ सांगायला घेतलं. माणूस सज्जन होता, ऐकत राहिला.

आत मुख्य घुमटाखाली फोटो काढायला बंदी. कॅमेरा गळ्यात, हात मोकळे, काका अस्वस्थ. गाइड सांगत होता की मुमताजची कबर बरोबर मध्यावर आहे आणि शहाजहानची तिच्या बाजूला, पश्चिमेकडे. साऱ्या ताजमहालात तोल मोडणारी ही मोठी गोष्ट. काकांच्या अंगात वीज आली. तिथे हळू बोलायचं असतं हे विसरून ते ओरडले, "बघा! बादशहासुद्धा मधोमध नाही!"

"तो नाही," काकू म्हणाल्या, "पण बायको आहे."

"अगं, ती १६३१ ला गेली, हा १६६६ ला. मागाहून आला तो. जागा होती तिथे ठेवला."

"तेच म्हणतेय मी. तिला सरकवलं नाही ना कुणी."

पेठ्याचं दुकान येईपर्यंत काका काही बोलले नाहीत.

एवढं सगळं झाल्यावर आमच्या तळमजल्यावरच्या आजींबद्दल सांगायला हवं. सत्यनारायण होता तो यांच्याच घरचा. आजींचा चांगला फोटो कधी निघायचाच नाही. कॅमेरा दिसला की त्या पदर सारखा करून ताठ उभ्या राहायच्या, हात अंगालगत, ओठ घट्ट, आणि बटण दाबायच्या क्षणी डोळे मिटायच्या. आधार कार्डावर त्या स्वतःच्याच मोठ्या बहिणीसारख्या दिसायच्या, असं त्याच म्हणायच्या.

वेरूळच्या सहलीला त्या आल्या होत्या. काकांनी टूर मॅनेजरशी भांडून कैलास लेणं सकाळचं दुपारनंतर करून घेतलं, कारण लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे आणि सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो. सगळी बस त्यांच्या नावाने बोटं मोडत होती. लोक डोंगरावरून फिरून वर गेले. आजींचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या खाली अंगणात एका पायरीवर बसल्या आणि डब्यातलं संत्रं सोलायला लागल्या. पलीकडे तो सोंड तुटलेला दगडी हत्ती. संत्र्याच्या सालीचा तुषार डोळ्यात उडाला म्हणून की काय, त्यांनी मान वर केली आणि हत्तीकडे बघून हसल्या. काका तेवढ्यापुरते तिथे होते. टिक्-टिक् आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही. आजी डाव्या रेघेवर, डोळ्यांतलं पाणीसुद्धा दिसेल इतका फोकस अलीकडच्या डोळ्यावर, आणि उजवीकडे ऊन खात उभा असलेला जरासा अस्पष्ट हत्ती.

आजी गेल्या वर्षी थंडीत गेल्या. तेव्हा मुलांनी फोन उपसले. प्रत्येकाच्या फोनमध्ये हजारोंनी फोटो, त्यांत आजी म्हणजे कुणाच्या तरी सेल्फीत मागे आलेला अर्धा चेहरा, केक कापताना दिसणारा हात, मिटलेले डोळे. शेवटी काकांचं दार वाजलं. काकांनी विचारलंही नाही कोणता हवाय ते. फाईल आधीच बाजूला काढून ठेवली होती.

स्टुडिओवाल्याने त्याच्या रिवाजाप्रमाणे काम केलं. चेहरा कापून मधोमध घेतला, हत्ती काढला, मागे निळं आभाळ टाकलं. हार घालायचा म्हटल्यावर कडेला ठेवून कसं चालेल? तेराव्याला काका आले, फोटोपुढे उभे राहिले, फुलं वाहिली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ज्या फ्रेंच फोटोग्राफर कार्टिए-ब्रेसाँने म्हणे आपला फोटो कुणाला सहसा कापू दिला नाही, त्याचं नाव घेऊन या माणसाने पूर्वी लग्नाच्या अल्बमवाल्यांशी भांडणं केली होती. इथे ते काही म्हणाले नाहीत. निघताना त्यांनी आजींच्या नातवाला दारात गाठलं आणि बारा बाय अठराची प्रिंट असलेलं पाकीट हातात दिलं.

"हा अख्खा आहे. कपाटात ठेव. तिथल्यात ती कुठे बघतेय तेच कळत नाही."

मग आमच्याबरोबर जिना चढताना मात्र त्यांना राहवलं नाही. "मधोमध घेतलं ते एक वेळ समजू शकतो हो. पण हत्तीने काय घोडं मारलं होतं?"

यंदाची सहल हंपीची ठरते आहे. मुक्काम होस्पेटला. काकांचं म्हणणं असं की मातंग पर्वतावरून सूर्योदय घ्यायचा तर अंधारातच चढायला लागायला हवं, म्हणजे बस साडेचारला सुटली पाहिजे. मीटिंगमध्ये बराच आरडाओरडा झाला. कुणाचा रक्तदाब निघाला, कुणाचे गुडघे, कुणाचा सकाळचा चहा. मग मतं घेतली, तर साडेचारच ठरलं. आजींच्या नातवाने पुढून दुसऱ्या रांगेतली खिडकी सोडून नाव नोंदवलं आहे. काकूंनी नेहमीप्रमाणे मागची सीट मागून घेतली आहे.