मेकॉलेसाहेबांच्या भाषणलेखकास

रा. रा. अनामिक महाशय,
सा. न. वि. वि.

आपला पत्ता ठाऊक नाही, म्हणून हे पत्र चव्हाट्यावर. आपली कृती मात्र घरोघरी पोचली आहे. शिक्षकदिन आला की ती कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर उगवतेच: जुनाट दिसणारा कागद, मेकॉलेचं चित्र आणि खाली ‘ब्रिटिश पार्लमेंटपुढील भाषण, २ फेब्रुवारी १८३५’. हिंदुस्थान उभाआडवा फिरलो, एक भिकारी दिसला नाही, एक चोर दिसला नाही. या लोकांचा कणा मोडायचा तर त्यांचं जुनं शिक्षण मोडा, असा एकूण मजकूर. वाचून ऊर भरून येतो, आणि ऊर भरला की बोट आपसूक ‘फॉरवर्ड’वर पडतं, हे आपण अचूक हेरलंत.

सगळ्यात कौतुक वाटतं ते तारखेचं. ‘मेकॉले एकदा म्हणाला’ एवढंच लिहिलं असतंत तर एखाद्या खवचटाने विचारलं असतं, कधी? कुठे? आपण दिवस, महिना, साल देऊन त्याचं तोंडच बंद केलंत. पण महाशय, तारीख घालण्यापूर्वी जरा चौकशी करायची होती. त्या दिवशी विलायतेत पार्लमेंटच नव्हतं! डिसेंबर १८३४च्या अखेरीस ते बरखास्त झालं, निवडणुका चालू होत्या, आणि नवं पार्लमेंट भरलं १९ फेब्रुवारीला. इमारत म्हणाल, तर ती १६ ऑक्टोबर १८३४ रोजीच आगीत गेलेली. आणि वक्ते? ते कलकत्त्यात, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात. खासदारकी सोडून जून १८३४मध्ये मद्रासला उतरलेले साहेब १८३८पर्यंत मायदेशी परतलेच नाहीत. शिवाय आपण त्यांना ‘लॉर्ड’ही करून टाकलंत, ती पदवी त्यांना मिळायला सत्तावन साल उजाडलं.

‘उभाआडवा’ हा तर आपल्या प्रतिभेचा कळस. तोवर साहेबांनी पाहिलेला हिंदुस्थान म्हणजे मद्रास, तिथून पालखीने उटकमंड, आणि पुढे जहाजाने कलकत्ता. त्याच मद्रास इलाख्यात, गुंटूरकडे, १८३२-३३च्या दुष्काळात अन्नावाचून माणसं मेली होती. आणि मध्य हिंदुस्थानात स्लीमन हा इंग्रज अधिकारी ठगांच्या टोळ्या धुंडाळत होता. चोर नाही म्हणे!

ब्रिटिश पार्लमेंटच्या चर्चांचे खंड, म्हणजे हॅन्सार्ड, अगदी १८०३पासूनचे, हल्ली घरबसल्या फुकट चाळता येतात. अर्ध्या तासाचं काम. तो अर्धा तास कुणी काढणार नाही, ही आपली खात्री, आणि आम्ही ती सार्थ ठरवली. एकाने पुरवणीत छापलं, दुसऱ्याने पुरवणीच्या भरवशावर पुस्तकात घेतलं, तिसऱ्याने ते पुस्तक उंचावून सभा गाजवली. आता कुणी खरंखोटं करायला बसलाच, तर शेकडो ठिकाणी तेच शब्द, तोच क्रम, तीच तारीख. एवढे साक्षीदार पाहून बिचारा निश्चिंत होतो. हे सगळे एकमेकांकडूनच ऐकून आलेत, हे त्याला कोण सांगणार?

माझं खरं गाऱ्हाणं मात्र वेगळं आहे. ही तारीख आपण हवेतून काढली नव्हती. त्या दिवशी मेकॉलेने खरंच काहीतरी लिहिलं होतं: शिक्षणावरचं त्याचं टिपण, ‘मिनिट’. सरकारी दप्तरातल्या शिक्षणविषयक कागदांचा जो संग्रह एच. शार्प यांनी संपादित केला आणि १९२०मध्ये कलकत्त्याहून निघाला, त्यात ते अख्खं छापलेलं आहे. त्यात साहेब कबूल करतात की आपल्याला ना संस्कृत येत, ना अरबी. आणि तरीही निकाल देतात की युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाची एक फळी हिंदुस्थान आणि अरबस्तानच्या साऱ्या वाङ्मयाला पुरून उरेल. रंगारक्ताने हिंदी पण आवडीनिवडींनी इंग्रज असा मधल्या लोकांचा वर्ग तयार करा, हेही तिथेच आहे. महिना-सव्वा महिन्यात, ७ मार्चला, गव्हर्नर जनरल बेंटिंकने इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने ठराव केला.

राग यायला आणखी काय हवं होतं? माणसाने स्वतःच्या सहीने स्वतःचा माज लिहून ठेवलाय. तो कागद आपण झाकलात आणि त्याच्याच तोंडून आमची स्तुती वदवलीत. खऱ्या टिपणात आम्हाला हिणवलंय ना, ते कोण फॉरवर्ड करणार! परिणाम असा की आता मेकॉलेची वकिली करणं कुणालाही सोपं झालं. भाषण बनावट आहे एवढं दाखवलं, की खरं टिपणही लोकांना त्याच माळेतलं वाटू लागतं. साहेबांच्या भाच्याने त्यांचं दोन खंडी चरित्र लिहिलं, पण इतके उपकार त्यालाही जमले नाहीत.

विवेकानंद, आइन्स्टाइन वगैरे मंडळींच्या नावावरचं पुढलं काम हाती असेलच. त्यात व्यत्यय आणत नाही.

कळावे,
आपला एक फॉरवर्डग्रस्त

ता. क. भारतीय दंडसंहितेचा पहिला मसुदा १८३७मध्ये ज्या आयोगाने केला, त्याचे अध्यक्ष हेच मेकॉले. बनावट दस्तऐवजाचा गुन्हा त्या संहितेत कलम ४६३खाली होता. २०२४मध्ये ती संहिता गेली, म्हणून निर्धास्त होऊ नये. नव्या संहितेत तोच गुन्हा कलम ३३६मध्ये आहे.