बारा मिलिमीटर

एमएच २९ची पाटी लावलेल्या स्पोर्ट्स कारचं हँडलिंग सुधारायचं असेल, तर मूळचे २२५/४५ आर १७ टायर काढावेत आणि २५५/३५ आर १८ घालावेत, असा निष्कर्ष यवतमाळ जिल्ह्यातल्या शौकीन मंडळींनी काढला आहे. गणितात खोट नाही. २२५चे पंचेचाळीस टक्के १०१ मिलिमीटर, २५५चे पस्तीस टक्के ८९. रिम एक इंचानं वाढली, त्यामुळे चाकाचा व्यास जवळजवळ होता तेवढाच राहिला, स्पीडोमीटरला खोटं बोलावं लागलं नाही, आणि रिम व रस्ता यांच्यामधल्या रबराच्या भिंतीतून बारा मिलिमीटर गेले. हे बारा मिलिमीटर जावेत म्हणून चार टायर आणि चार रिमांचे जे पैसे मोजले जातात, त्यात एखाद्या कास्तकाराची बैलजोडी बंडीसकट येईल. पण हौसेला मोल नसतं. आपण पैशांचं सोडू आणि मिलिमीटरांचा हिशेब करू.

शास्त्राचं देणं आधी चुकतं केलेलं बरं. इंजिन कितीही घोड्यांचं असलं तरी जमिनीला टेकतं ते चार तळहातांएवढं रबर. पळणं, थांबणं आणि वळणं ही तिन्ही कामं तेवढ्यावरच चालतात. टायरची भिंत उंच असली की स्टिअरिंग फिरवल्यावर ती आधी दबते, तिरपी होते, आणि मग गाडीला वळायचं कळतं. भिंत बुटकी केली की हा मधला आळस कमी होतो. रुंदी वाढवली, रबर मऊ घेतलं, खोबणी कमी ठेवली, की कोरड्या रस्त्यावर पकड वाढते. टायरच्या अंगावर ‘वाय’ हे अक्षर असेल तर तो ताशी ३०० किलोमीटर सोसेल, असं बनवणारा लिहून देतो. म्हणजे यवतमाळहून नागपूर अर्ध्या तासात. इथून तिकडे रेफर होणाऱ्या पेशंटांना ही सोय आधी मिळावी. शर्यतीच्या टायरांचं रबर नीट चिकटावं म्हणून इतरत्र गाडीला फेऱ्या मारून ते तापवावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात गाडी नुसती उन्हात उभी केली तरी निम्मं काम होऊन जातं. एवढ्या एका बाबतीत जिल्हा जगाच्या पुढे आहे.

आता ते बारा मिलिमीटर. रस्तेबांधणीच्या मानकात गतिरोधकाचं माप ठरलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, मधोमध उंची १० सेंटिमीटर, गोलाई अशी की ताशी २५च्या वेगानं गाडी अलगद पार व्हावी. कागदावर हा गतिरोधक फार देखणा दिसतो. रस्त्यावरचा गतिरोधक मात्र गावानं ठरवलेला असतो. कुठे अपघात झाला म्हणून रात्रीतून टाकलेला, कुठे नालीच्या कामातून उरलेल्या सिमेंटचा, कुठे पाइप पुरताना राहिलेला उंचवटाच गतिरोधक म्हणून मान्यता पावलेला. पांढरे पट्टे नाहीत, फलक नाही, आणि रुंदी एवढीच की पुढचं चाक पलीकडे उतरतं तेव्हा गाडीचं पोट नेमकं माथ्यावर असतं. स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून अकरा-बारा सेंटिमीटरवर. म्हणून ती आडवी होते. आधी पुढचं डावं चाक चढतं, मग पुढचं उजवं, मग थोडं थांबून, खाली वाकून बघून, मागची दोन. तोवर मागे दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल, शाळेची व्हॅन, कापसाची ट्रॉली आणि एक ऑटो थांबलेला असतो. त्या ऑटोला ४.००-८ मापाचा टायर असतो आणि त्याची भिंत चार इंच, म्हणजे शंभर मिलिमीटरच्या वर. लाखोंच्या गाडीची रबराची भिंत ऑटोपेक्षा बुटकी! ट्रॅक्टरच्या मागच्या १३.६-२८ टायरची भिंत तर चांगली फूटभर. जिल्ह्यातली वाहनं भिंतीच्या उंचीनं रांगेत उभी केली, तर पुढे ट्रॅक्टर, मग टिप्पर, मग जीप, मग ऑटो, आणि पार शेवटी, सायकलच्या जरा आधी, आपली स्पोर्ट्स कार. गतिरोधक पार करायच्या वेगाचा क्रमही हाच. सायकलवाला मात्र या रांगेत राहत नाही, तो बाजूच्या धुळीतून केव्हाच निघून गेलेला असतो. हँडलिंग म्हणजे समोर जे येईल त्याला गाडीनं किती सहज तोंड द्यावं, असं धरलं, तर सुधारणेनंतर गाडी ऑटोच्याही मागे गेली.

खड्ड्याचं प्रकरण आणखी वाईट. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्या चिमटीत रबर सापडतं, आतले धागे तुटतात आणि भिंतीवर फुगा येतो. तळाला खिळा लागला तर पंक्चर निघतं. भिंत फुटली की टायर गेला. वजन वाचवण्यासाठी बऱ्याच स्पोर्ट्स कारमधून स्टेपनी काढून टाकलेली असते आणि तिच्या जागी रसायनाची एक बाटली ठेवलेली असते. ती बाटली खिळ्याच्या भोकापुरती, फाटलेल्या भिंतीपुढे तिचा इलाज नाही. यावर सांगितलं जातं की खड्डे चुकवायलाच तर चपळ हँडलिंग लागतं. मुद्दा वजनदार आहे, पण मग या विद्येचे आचार्य काळी-पिवळीचे ड्रायव्हर मानायला हवेत. आत डझनभर माणसं, टपावर पोती, आणि तरी खड्डा कोणत्या महिन्यात कुठे सरकतो हे त्यांना पाठ. त्यासाठी त्यांना पस्तीस टक्क्यांची भिंत लागली नाही. पावसाळ्यात तर हा मुद्दा साफ लंगडा पडतो. वावरातून निघालेली ट्रॅक्टरची चाकं डांबरावर काळ्या चिखलाचे पट्टे ओढत जातात. कमी खोबणीच्या रुंद टायरखालून पाण्याला बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरच्या आधी तरंगतो. वणीच्या बाजूला कोळशाचे टिप्पर चालतात. तिथे रबर आणि डांबर यांच्यामध्ये भुकटीचा थर. मऊ रबर भुकटीला घट्ट धरतं. भुकटीनं कोणाला धरलेलं नसतं.

आता मोठे रस्ते आले ना, असं कोणी म्हणेल. आले, आणि ते चांगले आहेत, हे मान्य करायला लाज कसली? वर्ध्याकडून येऊन नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे, पांढरकवड्यावरून तेलंगणात उतरणारा ४४ आहे. पण दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला २०१८च्या अधिसूचनेनं ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. राहता राहिला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, जून २०२५पासून टोकापर्यंत खुला. तो दहा जिल्ह्यांतून जातो आणि त्या दहांत यवतमाळ नाही; आपल्याला धामणगावकडे जाऊन चढावं लागतं. तिथे मर्यादा १२०ची आणि रस्त्याची आखणी ताशी १५०च्या हिशेबानं केलेली. म्हणजे कायदा पाळून चाललेल्या गाडीच्या वळणावरच्या पकडीची तिथे कसोटीच लागत नाही. त्या वेगाला ‘टी’ अक्षराचा, १९०पर्यंत सोसणारा साधा टायर पुरून उरतो. तापलेल्या काँक्रीटवर जीव वाचतो तो हवेचा दाब बरोबर असल्यानं आणि टायर जुना नसल्यानं. टायरच्या अंगावर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. हे आकडे वाचायला काही खर्च येत नाही, म्हणून बहुधा ते कोणी वाचत नाही.

दुसरा आक्षेप वऱ्हाडीतच ऐकावा: आपल्या पैशानं घेतो ना बे, तुह्या बापाचं काय जाते? घ्या की. वेगाची हौस या जिल्ह्याला नवी नाही. बैलजोड्यांचा शंकरपट बघायला पंचक्रोशी लोटते. २०१४मध्ये त्यावर बंदी आली, २०२१च्या डिसेंबरात अटी घालून उठली. पण पटाला मोकळं वावर लागतं, आखलेली वाट लागते, सेकंदाचा हिशेब लागतो. कोणताही धुरकरी आपली जोडी बाजाराच्या रस्त्यावर उधळत नाही. स्पोर्ट्स कारसाठी अशी आखलेली वाट कोइम्बतूरला आहे, चेन्नईजवळ आहे, ग्रेटर नोएडाला आहे. तिथवर जायचं कोणाच्या मनात नसतं. हौस फिटते ती रात्री बायपासवर, जिथे दिवे नसलेली ट्रॉली चाललेली असते आणि रस्त्याच्या कडेनं माणसं पायी घराकडे येत असतात. त्यांचं मात्र जातं.

आणि बारा मिलिमीटर काही टायरमधूनच जातात असं नाही. खेड्याच्या रस्त्यावर वरचं डांबरी कार्पेट साधारण २० मिलिमीटरचं धरतात. एकपदरी रस्ता ३.७५ मीटर रुंद. समजा, या विसातले बारा पडलेच नाहीत. एका किलोमीटरमागे ४५ घनमीटर माल वाचला, म्हणजे साधारण शंभर टन, दहा टनी टिप्परच्या दहा खेपा. पाच किलोमीटरच्या कामात पन्नास खेपा रस्त्यावर न येता बिलात पोचल्या. खाली आपली काळी माती. ती पाणी पिऊन फुगते, उन्हात आक्रसते, तिच्यावर टिकायचं तर पाया जास्तच जाड लागतो, आणि नेमका तोही पातळ. पहिल्या पावसात आठ मिलिमीटरचं कार्पेट हातानं उचलून घेता येतं. मग भर पावसात खड्ड्यात मुरूम टाकतात! मुरूम पाण्यात विरघळतो हे गावातल्या शेंबड्या पोराला कळतं, मोजमाप पुस्तिकेत सही करणाऱ्याला कळत नाही. निंदणाहून परतणाऱ्या बाया त्या चिखलातून घसरत चालतात, बाळंतीण रिक्षात हेलपाटते, शाळेच्या पोरी सायकली हातात धरून नेतात. त्यांना पस्तीस आणि पंचेचाळीस यांतून निवड करायची नसते. त्यांच्या पायाखालचे बारा मिलिमीटर कोणीतरी निवडून नेलेले असतात.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत समंजस वाटतो: रस्ता आपल्या हातात नाही, टायर तेवढा हातात आहे. शिक्षक, दुकानदार, पगारदार यांच्यापुरता हा आक्षेप शंभर टक्के खरा. त्यांनी मूळ मापाचा, उंच भिंतीचा, ओल्यात धरणारा टायर घ्यावा, दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब सकाळी थंड टायरात भरावा, आणि नियमात सांगितलेली १.६ मिलिमीटरची खोबणी घासून जायच्या बरीच आधी तो बदलावा. पण स्पोर्ट्स कार जिल्ह्यात कोणत्या अंगणात उभी असते, हे वाचकांना सांगायला नको. त्या अंगणात रोलर असतो, पेव्हर असतो, डांबराचे ड्रम असतात, फाटकावर फर्मची पाटी असते. रस्ता हातात असलेलं अख्ख्या तालुक्यात एवढं एकच घर, आणि त्याच घरातला चिरंजीव हँडलिंग सुधारावं म्हणून रबर छाटतो आहे. त्यानं टायरच्या दुकानात जायच्या आधी बैठकीत जाऊन वडिलांना एवढं विचारावं: बाबा, आपल्या घरापासून फाट्यापर्यंतच्या कामात विसाचं कार्पेट नक्की कितीचं पडलं?